राघूची वाटी

पोपट पाळणाऱ्या घरात एक वाक्य हमखास कानावर येते : "आमचा मिठू सगळं खातो हो!" सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असे कौतुक, की जणू मिठूने शिष्यवृत्तीच पटकावली आहे. चहात बुडवलेले बिस्कीट, फरसाण, वरणभात, मुलांच्या हातचे चॉकलेट. घरात जे येईल त्यातला वाटा पिंजऱ्यात जातो. यात दुष्टावा मुळीच नसतो. आपल्याकडे माया भरवूनच दाखवायची असते. पण ज्याला भरवतो त्याचे पोट कोणत्या जातीचे आहे, याची चौकशी त्या मायेत बसत नाही. आणि पोपटाचे आयुष्य नेमके तिथेच तोकडे होते.

पोपटाचे खरे जेवण पाहायला पुस्तक नको. पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीच्या काठी मासवण लागते. अशा गावात सकाळी लवकर उठून वर पाहावे. सावर, पांगारा फुलला की राघूंचे थवे त्या फुलांवर तुटून पडतात. पुढे उंबर, वड, पेरू, चिंच. आणि शेतकऱ्याच्या शिव्या खात भाताच्या लोंब्यासुद्धा. दहा ठिकाणचे दहा चवींचे खाणे, आणि ते मिळवण्यासाठी मैलोगणती उडणे, असा हा संतुलित आहार आहे. पिंजऱ्यात उडणे संपते आणि समोर उरते सूर्यफुलाच्या बियांची वाटी.

या बियांत चरबी भरपूर. 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मात्र नावापुरते. नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते, तोंडाचे आणि श्वासमार्गाचे आतले अस्तर बिघडते. वरून काहीच दिसत नाही. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या तोंडी आधी जातो, म्हणून आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभावच झाला आहे. मग एके दिवशी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला आढळतो आणि घरचे म्हणतात, "काल तर छान बोलत होता. नजर लागली!"

इथे कायद्याचे कलमही वाचले पाहिजे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपला देशी राघू, मग तो गळ्यात कंठ असलेला असो वा मोठा पहाडी, घरात पाळणे गुन्हा आहे. त्याच्यासाठी उत्तम आहार कोणता, याचे प्रामाणिक उत्तर 'झाड' हेच. मात्र वर्षानुवर्षे कोंडलेल्या पक्ष्याला दार उघडून हाकलणे हे पुण्य नव्हे. त्याच्या पंखात बळ नसते आणि अन्न शोधण्याची सवय मोडलेली असते. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्याला त्यांच्या स्वाधीन करावे.

राहिले परदेशी कुळातले पक्षी. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळणारे बजरीगर किंवा कॉकेटील हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. ते पाळता येतात. त्यांना राळा, बाजरी द्यावी, पण तो जेवणाचा एक भाग समजून. सोबत किसलेले गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, मेथी, मोड आलेले मूग, मक्याचे कोवळे कणीस आणि थोडा पेरू किंवा पपई. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, खारट पदार्थ पूर्ण वर्ज्य. सफरचंद दिले तर बिया काढून. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी धरते, ती पक्ष्याच्या यकृताला विषासमान असते. उरलेला ओला खाऊ दोन-तीन तासांत उचलावा, पाणी रोज बदलावे. मिरची दिल्याने पोपट लवकर बोलतो, हा गोड गैरसमज आहे. पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तर ते तिचे बी दूरवर पसरवतात. मिरचीने अपाय नाही, पण वाचाही फुटत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हा बँकवाल्यांना चटकन कळेल अशी आहे. हे पक्षी दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. मालक पाहतो तर वाटी भरलेली! कागदावर शिल्लक दिसते, तिजोरीत मात्र छदाम नाही. भरल्या वाटीसमोर पक्षी उपाशी राहिल्याची उदाहरणे आहेत. म्हणून रोज टरफले फुंकून खरी शिल्लक तपासावी.

राघूला पेरू भरवायची हौस मात्र कोणी मारू नये. परसात पेरू लावावा, बांधावरचा उंबर राखावा, शेंड्याची चार फळे न तोडता ठेवावीत. त्या जेवणाला वाटी लागत नाही आणि पिंजराही लागत नाही. मुलांना तर पोपट जवळून पाहायला मिळतोच, शिवाय तो उडतोही, हेही दिसते.