एकलव्य म्हणू नका, धनुष्य द्या

पुढलं एशियाड २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोयाला आहे. तिरंदाजीत एखाद्या गरीब घरच्या पोराला पदक मिळालं की मथळा कुठला येणार, हे आम्ही आजच सांगून ठेवतो : 'आधुनिक एकलव्य'. आपल्याच वस्त्यांतल्या काही मंडळांचे बॅनरही तेच छापतील. म्हणून आधीच बोललेलं बरं.

एकलव्याची गोष्ट काय आहे? निषादाच्या पोराला गुरूने दारातून हाकललं. त्याने मातीच्या पुतळ्यासमोर विद्या मिळवली. अर्जुनाला तोड राहू नये म्हणून त्याचा अंगठा मागून घेतला. या देशाने १९६१ पासून खेळाडूला अर्जुन पुरस्कार दिला, १९८५ पासून प्रशिक्षकाला द्रोणाचार्य पुरस्कार दिला. अंगठा घेणारा आणि ज्याच्यासाठी घेतला तो, असे दोघेही सन्मानाला पात्र ठरले. एकलव्याच्या वाट्याला आलं ते विशेषण, तेही गरिबाला चिकटवायला.

आता प्रवीण जाधव घ्या. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. आईबाप मजूर, घर म्हणजे झोपडी. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्य, टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिम्पिक. याला कुणी घडवलं? मातीच्या पुतळ्याने नाही. जिल्हा परिषद शाळेतले विकास भुजबळ या शिक्षकाने त्याला हेरलं, सरकारी क्रीडा प्रबोधिनीने राहायला, खायला आणि धनुष्य दिलं, पुढे सैन्याने नोकरी दिली. म्हणजे सार्वजनिक पैशाची शाळा, वसतिगृह आणि पगार. त्याला एकलव्य म्हटलं की हे सगळं पुसलं जातं आणि उरते 'जिद्द'. जिद्दीला सरकारचा एक रुपया लागत नाही, म्हणून ती सगळ्या पुढाऱ्यांना आवडते. आणि टोकियोनंतर राहत्या जागी घर बांधण्यावरून आपल्या कुटुंबाला धमक्या आल्याचं याच प्रवीणला माध्यमांसमोर सांगावं लागलं.

गंमत म्हणजे ऑलिम्पिकचा तिरंदाज दोरी तीन बोटांनी ओढतो. अंगठा लागतच नाही. द्रोणाला आज दुसरंच काही मागावं लागलं असतं, आणि ते मागणं चालूच आहे. आपल्याकडे बहुतेक पोरं 'इंडियन राउंड'ने, बांबूच्या धनुष्याने सुरुवात करतात. हा प्रकार एशियाडमध्ये नाही, ऑलिम्पिकमध्येही नाही. तिथे रिकर्व्ह किंवा कंपाउंड लागतं. चांगला संच दोन-तीन लाखांच्या घरात जातो, बाण वेगळे. बांबूवर अचूक मारणारी पोरगी इथेच थांबते. अंगठा कापला जातो तो इथे, आणि रक्तही दिसत नाही.

२०२३ च्या हांगझोउ एशियाडमध्ये भारताने तिरंदाजीत नऊ पदकं घेतली. पाच सुवर्ण, पाचही कंपाउंडची. त्यातली तीन नागपूरच्या ओजस देवतळेची. साताऱ्याच्या अदिती स्वामीचं सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्य. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे घडले. म्हणजे महाराष्ट्रात गुणवत्तेचा दुष्काळ नाही. साधन आणि जागा मिळाली की पदक येतं.

जागेचं बोलायचं तर परळला येऊ. रिकर्व्हला ७० मीटर लागतात, कंपाउंडला ५०. शिवाय निशाणामागे मोकळी, सुरक्षित जागा. ज्या परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब राहिले, ज्या दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचं काम चाललं, त्या परळमध्ये आपल्या पोराने ७० मीटर कुठे मोजायचे? जागा नव्हती असं नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला : वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या तुकड्याची. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल मान्य केला. मैदानं कागदावरच आटली, टॉवर उभे राहिले.

याच गिरण्यांत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. धागा तोंडाने ओढावा लागतो, विटाळ होईल, हे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. 'आमचा कामगार किती जिद्दी' असं म्हणत ते बसले नाहीत. खातं उघडा म्हणाले.

आमचं मागणंही तसंच सरळ आहे. मध्य मुंबईत पालिकेच्या किंवा सरकारच्या मैदानावर एक सार्वजनिक तिरंदाजी रेंज हवी. पालिका शाळेतल्या मुलांना धनुष्य वाचनालयातल्या पुस्तकासारखं वापरायला मिळावं, विकत घ्यायची अट नको. बांबूवर चमकलेल्या प्रत्येक पोराला रिकर्व्हचा संच सरकारने द्यावा. एका टॉवरच्या पार्किंगइतकाही खर्च यात नाही. पुढच्या वॉर्ड सभेत आणि मत मागायला आलेल्या प्रत्येकाला हे विचारा. उत्तरादाखल त्याने एकलव्याचं नाव घेतलं, तर रेंज कुठल्या मैदानावर आणि कुठल्या वर्षाच्या बजेटमध्ये, एवढंच लिहून मागा.