यंत्रांची मोजदाद आणि शिक्षकांची वानवा

गेल्या हिवाळ्यात सरकारी कामानिमित्त एका दूरच्या तालुक्यातील शाळेत जाण्याचा योग आला. संगणकाच्या खोलीचे कुलूप निघावयास पाऊण तास लागला, कारण किल्ली मुख्याध्यापकांच्या घरी होती. आत दहा संगणक होते आणि प्रत्येकावर शिवून घेतलेले कापडी आच्छादन होते. डेडस्टॉक रजिस्टरात दहाही यंत्रांची नोंद अचूक होती. वर्गाची जबाबदारी गणिताच्या शिक्षकांकडे असून त्यांना काही वर्षांपूर्वी तीन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले होते. मुलांना यंत्राला हात का लावू देत नाही, असे विचारता ते म्हणाले, "बिघडले तर भरपाई कोणी करावयाची, साहेब?"

या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. भरपाई वसूल करण्याचे नियम तुमच्या-आमच्यासारख्यांच्याच लेखणीतून उतरतात. त्याच आठवड्यात घरी परतलो, तो माझा मुलगा शहरातील आपल्या शाळेत स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यात गढला होता. दोन मुलांच्या बुद्धीत अंतर नव्हते. अंतर होते ते शिकविणाऱ्यात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळेत संगणकीय विचारपद्धती शिकविण्याचा पुरस्कार केला, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसह ती २०२६-२७ पासून तिसरीपासूनच शिकविण्याचा संकल्प केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु सरकारच्याच २०२४-२५ च्या मोजणीप्रमाणे देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणक आणि ६३.५ टक्के शाळांत इंटरनेट आहे. म्हणजे तिसरा हिस्सा शाळा दाराबाहेरच उभ्या आहेत. शिवाय ज्या शाळांत यंत्र आहे तेथे शिकविणाराही आहे, असे कोणी समजू नये. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

यावर एक लाडका युक्तिवाद केला जातो. १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे डॉ. सुगत मित्रा यांनी भिंतीत संगणक बसविला आणि वस्तीतील मुले तो आपोआप चालवू लागली. मग शिक्षक हवाच कशाला? त्या प्रयोगाचे कौतुक मलाही आहे. पण यंत्र हाताळणे निराळे आणि प्रश्नाची फोड करून, पायऱ्या मांडून, आपली चूक आपण हुडकणे निराळे. त्यासाठी "असे का?" म्हणून विचारणारा माणूस जवळ लागतो. आणि एका पडद्याभोवती मुलांची झुंबड उडाली म्हणजे धीट मुलगा पुढे सरतो व लाजरी मुलगी मागे राहते. तिला पुढे आणणे भिंतीला जमत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर केरळने दिले आहे. २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू करताना त्या राज्याने संगणकशास्त्राच्या पदवीधरांची वाट पाहिली नाही. शाळेत आधीच असलेल्या निरनिराळ्या विषयांच्या शिक्षकांना शिकविले, त्यांच्यातूनच पुढचे प्रशिक्षक निवडले, विनामूल्य खुले सॉफ्टवेअर वापरून परवान्यांचा खर्च वाचविला, पाठ्यपुस्तके मल्याळममध्ये आणली आणि हा विषय शालान्त परीक्षेत घातला. पंचेचाळीस हजार वर्ग सुसज्ज करण्याची योजना २०१८ साली आली. शिक्षक त्यापूर्वीच तयार झाले होते. हा क्रमच महत्त्वाचा होय.

आपणां मराठी माणसांना तर हा धडा परक्याकडून घेण्याचे कारण नव्हते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, तेव्हा प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, असे त्यांनी सांगितले. समता आणि शिक्षकाची तयारी या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता आपल्या अंगावर येणारी गोष्ट. यंत्रे मोजता येतात, त्यांची निविदा निघते, ३१ मार्चच्या आत बिल चुकते होते. म्हणून आपण यंत्रे विकत घेतो. शिक्षकाची तयारी सावकाश होते व तक्त्यात बसत नाही. म्हणून ती तीन दिवसांत उरकतो. धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केली आहे. त्यांतील पुरेसे तास या विषयासाठी, शिक्षकाच्या स्वतःच्या भाषेत आणि वर्षभर विभागून का देऊ नयेत? खरेदीच्या प्रस्तावावर शिकविणाऱ्या शिक्षकाचा व त्याच्या प्रशिक्षणाचा उल्लेख नसेल, तर तो परत का पाठवू नये? वापरात बिघडलेल्या यंत्राची भरपाई शिक्षकाकडून घेतली जाणार नाही, असे स्पष्ट परिपत्रक का काढू नये? आणि नवे शिक्षक शहराऐवजी प्रथम आडगावी का नेमू नयेत?

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. पुढील दौऱ्यात आपण शाळेत जाल, तेव्हा यंत्रे किती, हा प्रश्न रजिस्टरावर सोडा. शिकवितो कोण, आणि त्याला कोणी शिकविले, एवढे विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.