प्रेतं कुणी उचलायची?

धर्म आणि विज्ञान यांच्या 'संवादा'ची मोठी चलती आहे. एका खुर्चीत पाद्री, दुसऱ्या खुर्चीत प्रोफेसर, मधे पाण्याचा तांब्या. विषय : मानवाची विविधता आणि मानवावरचं संकट. पाद्री म्हणतो, आपण सारी एकाच देवाची लेकरं. प्रोफेसर म्हणतो, आपण सारे एकाच जातीचे प्राणी. टाळ्या. मग चहा-बिस्किटं.

ज्याच्या विविधतेबद्दल हे बोलतात तो तिथं नसतो. असलाच तर कपबश्या विसळायला.

आपल्यातही दोन तट आहेत. एक म्हणतो, धर्म म्हणजे थोतांड, विज्ञान तेवढं आपलं. दुसरा म्हणतो, काही म्हणा, मिशनऱ्यांनी आपल्याला पाटीवर अक्षर गिरवू दिलं. दोघांचंही थोडं थोडं खरं. पण अर्ध्या भाकरीवर ढेकर देऊ नका. एका शहराची गोष्ट सांगतो. ती आपल्याकडची नाही, पण ऐकताना आपली वाटेल.

शहर फिलाडेल्फिया, अमेरिका. साल १७९३. तेव्हा ती त्या देशाची राजधानी. वस्ती पन्नासेक हजारांची. ऑगस्टमध्ये बंदराच्या बाजूनं पिवळा ताप शिरला. माणसं पिवळी पडायची, काळं ओकायची आणि मरायची. नोव्हेंबरपर्यंत पाचेक हजार गेली. म्हणजे दहातलं एक. ज्यांच्याकडे घोडागाडी होती ते पळाले. प्रेसिडेंट वॉशिंग्टनसुद्धा शहर सोडून गेला. बाप लेकराला टाकून गेला, नवरा बायकोला. घराघरात प्रेतं सडू लागली.

आता प्रेतं कुणी उचलायची?

शहरात एक नामांकित डॉक्टर होता, बेंजामिन रश. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा. गुलामगिरीच्या विरोधात लिहिणारा. देवावर गाढ श्रद्धा असणारा. म्हणजे ज्या संवादासाठी आज दोन खुर्च्या मांडतात, तो याच्या एकाच डोक्यात चालू होता. माणूस वाईट नव्हता. उलट पळून गेला नाही, रोग्यांत राहिला. म्हणूनच त्याचं उदाहरण घेतोय. वाईट माणसाचं उदाहरण देणं सोपं असतं.

या रशनं दक्षिणेतल्या एका डॉक्टरचा जुना अहवाल वाचला होता : हा ताप काळ्यांना होत नाही. झालं. त्यानं काळ्या वस्तीच्या पुढाऱ्यांना पत्र लिहिलं. पत्राचा मथितार्थ असा की, देवानं तुमच्या रंगाला या रोगातून वगळलं आहे, तेव्हा रोग्यांची सेवा करणं हे तुमचं कर्तव्यच ठरतं.

बघा, कसं जुळून आलं! विज्ञान म्हणालं, तुमचं शरीर वेगळं. धर्म म्हणाला, ते वेगळेपण ही देवाची कृपा. आणि दोघांची बेरीज काय आली? प्रेतं तुम्ही उचला.

ही बेरीज आपल्याला कुणी शिकवायला नको. मेलेलं ढोर ओढायला आपल्या बापालाही असंच निवडलं होतं. तिथं देवाची कृपा म्हणाले, इथं पूर्वजन्मीचं कर्म म्हणाले. ढोर तेवढंच जड.

पत्र ज्यांना आलं ते दोघं म्हणजे अॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अॅलन. दोघंही गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढं मोकळे झालेले. १७८७ साली त्यांनी 'फ्री आफ्रिकन सोसायटी' काढली होती. दोघंही ख्रिस्ती. कसल्या चर्चमध्ये? त्याच शहरातल्या एका गोऱ्यांच्या चर्चमध्ये जोन्स गुडघे टेकून प्रार्थना करत होता, तर चालू प्रार्थनेतून त्याला ओढून उठवलं. जागा चुकली म्हणे. देवापुढं गुडघे टेकायलाही रंगाप्रमाणे जागा ठरलेली. त्या दिवशी सगळे काळे उठले आणि बाहेर पडले. पुढं त्यांनी स्वतःची चर्चेस बांधली.

अशी ही अपमान गिळलेली माणसं तापाच्या घरात शिरली. का? डॉक्टरावर विश्वास होता म्हणून, आणि मरणाऱ्याला पाणी पाजावं असं त्यांच्या धर्मात होतं म्हणून. त्यांनी पाणी पाजलं. शवपेट्या वाहिल्या, खड्डे खणले. रशनं दाखवल्याप्रमाणे आठशेवर रोग्यांचं शीर तोडून रक्त काढलं. तेव्हाचं विज्ञान ते. रक्त काढून रोगी बरा होतो असं मोठमोठे डॉक्टर मानत.

आणि काळे मरू लागले. मरणारच. हा ताप डासांमुळे पसरतो हे १९०० साली हवानामध्ये सिद्ध झालं. डास चावताना कातडीचा रंग विचारत नाही. लहानपणी ज्याला हा ताप येऊन गेला, तो पुन्हा त्यातून सुटतो, मग काळा असो की गोरा. रशलाही आपली चूक कळली आणि त्यानं ती कबूल केली. पण कबूल करून खड्ड्यातला माणूस वर येत नाही. १७९२ साली शहरात ६७ काळ्यांना पुरलं होतं. १७९३ साली ३०५.

हा आकडा कुणी जपून ठेवला? पाद्र्यानं नाही. प्रोफेसरनं नाही. जोन्स आणि अॅलन यांनी. त्याचीही एक कथा आहे.

साथ ओसरली तसे पळालेले परत आले. मॅथ्यू केरी नावाच्या प्रकाशकानं साथीचं पुस्तक छापलं, ते धडाधड खपलं. त्यात लिहिलं की काळ्यांपैकी काहींनी सेवेचे अवाच्या सवा पैसे उकळले, घरं लुटली. हा केरी स्वतः साथीच्या मधेच शहर सोडून गेला होता. जोन्स आणि अॅलन रडत बसले नाहीत. जानेवारी १७९४ मध्ये त्यांनी स्वतःची पुस्तिका काढली आणि त्यात हिशेब मांडला. प्रेतं पुरण्याचे मिळाले २३३ पौंड १० शिलिंग ४ पेन्स. शवपेट्या आणि पाच माणसांची मजुरी मिळून खर्च झाले ४११ पौंड. पदरमोड १७७ पौंड ९ शिलिंग ८ पेन्स. पेन्सापर्यंत!

दोस्तहो, अशी पुस्तिका म्हणजे काय ते मला कुणी समजावू नये. ते त्यांचं लिटल मॅगझिन होतं.

आणि तो आरोप? तोही ओळखीचा आहे. आपण मेलेली ढोरं ओढायची सोडली, तेव्हा 'केसरी'तून कुणी हिशेब मांडला होता की शिंगं, खूर, हाडं, मांस यांचं अस्पृश्यांचं इतकं इतकं उत्पन्न बुडालं. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ही गोष्ट सांगितली. त्यांचं उत्तर साधं होतं. एवढा फायदा असेल तर ढोरं तुम्ही ओढा आणि उत्पन्नही तुम्हीच घ्या. कुणी आलं नाही.

पुढं ऐका. शहर तेच. रशनं एक निबंध लिहिला, तो १७९९ साली छापून आला. त्याचं म्हणणं, काळा रंग हा कुष्ठासारख्या रोगाचा परिणाम आहे. हेतू चांगला! आदमची सगळी लेकरं एक, हे बायबलचं वचन त्याला टिकवायचं होतं. मग रंग वेगळे कसे? तर काळे आजारी आहेत. म्हणून त्यांना हिणवू नका, दुप्पट दया करा. आणि ते बरे होईपर्यंत त्यांच्याशी लग्न करू नका, पुढची पिढी बिघडेल. समता मानूनही रोटी-बेटीचं दार कसं बंद ठेवावं, ते या साहेबाकडून शिकावं. आपल्या सुधारकांचे तर हे गुरुबंधूच.

मग त्याच शहरात सॅम्युअल मॉर्टन आला. यानं कवट्या जमवल्या, आठशेच्या वर. त्यात आधी बिया आणि मग शिशाचे छर्रे भरून कुणाच्या कवटीत किती माल मावतो ते मोजलं. १८३९ च्या पुस्तकात आकडे दिले : गोऱ्यांची सरासरी ८७ घनइंच, काळ्यांची ७८. गुलामांच्या मालकांना काय, लॉटरीच लागली. अमेरिकेत शास्त्रज्ञांचा एक कंपूच उभा राहिला. हार्वर्डचा अगासी म्हणाला, मानववंश वेगवेगळे निर्माण झाले. आदमची गोष्ट फक्त गोऱ्यांची.

मॉर्टननं मोजताना नकळत लबाडी केली, असं पुढं १९७८ मध्ये गूल्डनं लिहिलं. २०११ मध्ये दुसऱ्यांनी कवट्या पुन्हा मोजल्या आणि म्हणाले, मोजमाप बहुतेक बरोबर होतं. विद्वानांचं चालू द्या. मी म्हणतो, धरून चाला की माप अगदी काटेकोर होतं. मग? कवटीत किती छर्रे मावतात यावरून माणसाच्या पायात साखळी घालायची की नाही हे ठरतं का? माप बरोबर आणि प्रश्नच हरामी, असं असू शकतं. हे विज्ञानाचा नुसता जयजयकार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आता धर्मवाल्यांचा हिशेब. या कवटीवाल्यांना कुणी विरोध केला? जॉन बाकमन नावाच्या लुथरन पाद्र्यानं. तो स्वतः निसर्गशास्त्रज्ञही होता. १८५० मध्ये त्यानं पुस्तक लिहून दाखवलं की सगळी माणसं एकाच जातीची आहेत. युक्तिवाद बिनतोड. विज्ञानही बरोबर, बायबलही बरोबर. आणि या बाकमनच्या घरी गुलाम होते. १८६० मध्ये साउथ कॅरोलिना गुलामगिरी वाचवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालं, त्या सभेची सुरुवात याच पाद्र्याच्या प्रार्थनेनं झाली.

माझा सगळा मुद्दा इथं आहे. 'मानव एक आहे' एवढं म्हणून काही होत नाही. एक मानणारा मालक होता, अनेक मानणाराही मालक होता. भांडण त्यांचं त्यांच्यात होतं. शेत पिकवणारा दोन्हीकडे तोच.

तिसऱ्या माणसानं तोंड उघडलं तेव्हा गोष्ट बदलली. फ्रेडरिक डग्लस, १८३८ मध्ये गुलामगिरीतून पळालेला. १२ जुलै १८५४ ला ओहायोच्या एका कॉलेजात तो या विषयावर बोलला. त्यानं शास्त्रज्ञांची पुस्तकं वाचली होती. तो म्हणाला, तुमची चित्रं बघा. गोऱ्याचं चित्र काढता तेव्हा उत्तमातला उत्तम चेहरा निवडता. काळ्याचं काढता तेव्हा खंगलेला. हा कसला पुरावा? आणि समजा, आमची उत्पत्ती वेगळी हे तुम्ही सिद्ध केलंत, तरी काय बिघडलं? मी माणूस आहे, माझा हक्क तुमच्या वंशावळीवर टांगलेला नाही.

ज्याला मोजलं जातं त्यानं फूटपट्टी हातात घेतली की असं होतं.

हे आपल्याकडेही झालंय. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण पाद्री झाले नाहीत. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं बंगालमध्ये लोकांची नाकं मोजली आणि म्हणाला, नाक जितकं रुंद तितकी जात खालची. बाबासाहेबांनी ते माप फेकून दिलं नाही. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात त्यांनी नाकांचीच मोजमापं पुढं ठेवली आणि दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. पण तिथं थांबले नाहीत. वंश एक, तर मग अस्पृश्यता आली कुठून, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला. खुर्चीतले लोक नेमके त्या प्रश्नाआधी चहाला उठतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. जुनं? २०२० मध्ये कोरोना आला. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा तो चिमटा आठवतो? त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की हा चिमटा काळ्या कातडीवर चुकतो. प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असून चिमटा सगळं ठीक सांगतो, असं काळ्या रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. रशच्या पत्रात काळ्यांना रोग होत नव्हता. या चिमट्यात तो झालेला दिसत नव्हता. सव्वादोनशे वर्षांत एवढीच प्रगती. आणि आपल्या शहरांत त्या वर्षी मसणवट्यात रात्रंदिवस कोण उभं होतं, ते तुम्ही आपापल्या वस्तीत जाऊन विचारा. टाळ्या-थाळ्या कुणासाठी वाजल्या तेही विचारा.

मॉर्टनच्या कवट्यांचं काय झालं? त्यांतल्या फिलाडेल्फियाच्या १९ काळ्या माणसांच्या कवट्या २०२४ साली तिथल्या विद्यापीठाच्या म्युझियमनं अखेर दफन केल्या. प्रार्थना झाल्या, भाषणं झाली. धर्म आणि विज्ञान हातात हात घालून कबरीशी उभे राहिले. चांगलं झालं. पण त्या कवट्या बाहेर निघाल्या त्या कुणाच्या सद्बुद्धीनं नाही. तिथल्या काळ्या पोरांनी, वस्तीतल्या लोकांनी बोंबा मारल्या तेव्हा निघाल्या.

म्हणून दोस्तहो, अशा परिसंवादाला जरूर जा. मागं बसू नका. पाद्री म्हणाला 'सगळी लेकरं एक', तर विचारा : तुमच्या कबरस्तानात भिंत आहे का? तामिळनाडूत दलित ख्रिस्त्यांना कबरीही वेगळ्या मिळाल्या आहेत. प्रोफेसर म्हणाला 'जनुकं एक', तर विचारा : तुमच्या लेकीचं लग्न कुठं केलंत? आणि आपला माणूस म्हणाला की आपण तर कधीच जात सोडली, तर त्यालाही पोटजात विचारून बघा. सुरुवात घरातून करा.

आणि हिशेब ठेवा. कुणी किती प्रेतं उचलली, त्याला किती मिळालं, किती पदरचं गेलं. पेन्सापर्यंत. आपला हिशेब दुसरा ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर केरीसारखा ठेवील.

प्रेतं आजवर आपण उचलली. यापुढं आधी हिशेब ठेवू टेबलावर. मग बोलू संवादाचं.