पंडितेची साधी मराठी

कुणी कौतुक केलं की "छे हो, माझं कसलं आलंय!" असं आपण पटकन म्हणून जातो आणि त्यालाच नम्रता समजतो. ख्रिस्ती शिकवणीतली लीनता मात्र स्वतःला कमी लेखायला सांगत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय उघडून बघा. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळी हे नोकराचं काम. पण पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं, असं योहान त्याआधीच सांगतो. ते आपण घाईत वाचून पुढे जातो. आपण कोण आहोत हे पुरतं माहीत असताना तो खाली वाकला. ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता.

मला इथे पंडिता रमाबाई आठवतात. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी बायबलचं भाषांतर हाती घेतलं. संस्कृतने नटलेली जड मराठी लिहिणं त्यांना काय अवघड होतं? त्यांनी निवडली साधी मराठी, नुकतंच वाचायला शिकलेल्या खेड्यातल्या बाईला कळेल अशी. 1922 मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल छापून आलं 1924 मध्ये. विद्वत्ता मिरवण्यापेक्षा ती दिसू न देता कामाला लावणं जास्त कठीण. (लेख लिहिणाऱ्या कुणालाही विचारा!)

घरातही हे करता येतं. आजीला मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवताना 'ऑथेंटिकेशन' वगैरे बाजूला ठेवून तिच्या शब्दांत सांगायचं. तिने चौथ्यांदा विचारलं तरी आवाज पहिल्यासारखाच ठेवायचा.

आणि हो, पेत्राने आधी पाय धुवून घ्यायलाच नकार दिला होता. सेवा करणं जमतं, करून घेणं जड जातं. अंगात ताप असतानाही ओट्याशी उभ्या राहणाऱ्या आया घरोघरी आहेत. आज मुलाने केलेला, साखर जास्त झालेला चहा "राहू दे, मीच करते" न म्हणता बसून पिता येतो का, बघा.