उरलेल्या निखाऱ्यांचं काय करता?

जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात दोघांना आणलं. एक चाळिशीतला, शेतघराची राखण करणारा. दुसरा त्याचा विशीतला पुतण्या. आदल्या दिवशी मालकांकडे पाहुणे होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांस धुरावर शिजत होतं आणि आग सांभाळायला हे दोघे होते. पाहुणे झोपायला गेल्यावर उरलेले निखारे यांनी घमेल्यात भरले, थंडी होती म्हणून आपल्या खोलीत ठेवले आणि दार लावून घेतलं. पुतण्या वाचला. काकाला आणलं तेव्हा आमच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुतण्याच्या बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर ९८ दाखवत होतं. नव्या डॉक्टरला वाटलं, प्राणवायू उत्तम आहे. हे यंत्र या बाबतीत फसतं. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साधं ऑक्सिमीटर त्यालाच प्राणवायू समजून मोजतं. आकडा छान असतो आणि मेंदू उपाशी असतो.

हा लेख मांस खाऊ नका असं सांगायला लिहिलेला नाही. तासन्‌तास चालणाऱ्या धुराच्या स्वयंपाकाची हौस कर्जत, अलिबाग, मुळशीच्या शेतघरांपर्यंत पोहोचली आहे. माझं म्हणणं इतकंच, की ही हौस करणाऱ्याने आग पूर्ण समजून घ्यावी: पेटवण्यापासून विझवण्यापर्यंत. सध्या आपण मसाल्याची चर्चा तासभर करतो आणि कोळशाची गोणी कुठून आली हेही विचारत नाही.

शेगडीवर कबाब भाजणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. धुरावर शिजवणं ही वेगळी गोष्ट. टेक्सासमधल्या पद्धतीत गाईच्या छातीचा मोठा तुकडा साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअसवर दहा-बारा तास ठेवतात. आपल्याकडे बकऱ्याची रान किंवा अख्खी कोंबडी ठेवतात; वेळ कमी लागतो, तत्त्व तेच. आग मोठी नको, पण विझायलाही नको. त्यासाठी कोळसा कोणता आणि तो रचायचा कसा, हे दोन प्रश्न सुटावे लागतात.

आधी कोळसा. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही वापरू नये. त्यात गंधक असतं. बॉयलरसाठी भुसा दाबून केलेला ‘पांढरा कोळसा’ हाही खरा कोळसा नव्हे. तो जाळल्यावर लाकडासारखाच धूर करतो. झटपट पेटणाऱ्या चकत्यांत ज्वलन वाढवणारी रसायनं मिसळलेली असतात, त्याही नकोत. हवा तो साधा लाकडी कोळसा. गोणीतला कोळसा आधी चाळून घ्यावा, कारण तळाचा चुरा हवेची वाट बंद करतो. मोठे तुकडे आणि छोटे तुकडे वेगळे करावेत. पिठाच्या खळीने बांधलेल्या, एकाच आकाराच्या कोळशाच्या वड्या मिळत असतील तर लांबच्या आगीला त्या सोयीच्या, कारण त्या एकसारख्या वेगाने जळतात.

आता रचना. गोल शेगडीत कडेने वड्यांची दुहेरी रांग लावायची, तिच्यावर तशीच दुसरी रांग, आणि वर्तुळ पुरं न करता मध्ये फट सोडायची. एका टोकाला आठ-दहा पेटते निखारे ठेवले की आग उदबत्तीसारखी सरकत जाते. दुसरी पद्धत उंच, पिंपासारख्या भांड्यासाठी: खाली न पेटलेला कोळसा, त्यात लाकडाचे ठोकळे पुरलेले, आणि मधोमध वरून मूठभर पेटते निखारे. आग वरून खाली उतरते. दोन्हीत खालच्या झडपेने हवा कमी-जास्त करायची आणि वरची उघडी ठेवायची. वरची बंद केली तर धूर आत कोंडतो आणि मांसावर कडवट काजळी बसते.

या दोन्ही पद्धतींत एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोळसा शेवटपर्यंत थोडा थोडा पेटत राहतो, म्हणजे प्रत्येक नव्या तुकड्याचा पहिला धूर अन्नावरूनच जातो. म्हणून रॉकेल किंवा पेटवायचं द्रव वापरू नये. पत्र्याच्या नळकांड्यात खाली कागद आणि वर कोळसा घालून पेटवला की पंधरा-वीस मिनिटांत निखारे तयार होतात.

लाकूड चवीसाठी असतं, उष्णतेसाठी कोळसा. त्यामुळे मुठीएवढे चार-पाच ठोकळे पुरतात. ते कठीण आणि वाळलेले हवेत. ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता पाणी उडवण्यात जाते आणि उरतो तो अर्धवट जळलेला धूर. आंबा, पेरू, चिंच चालतात. टेक्सासमधलं नावाजलेलं मेस्किट आणि आपल्या माळरानावर माजलेली वेडी बाभूळ ही जवळची भावंडं आहेत; तिचा कोळसा आपल्याकडे मिळतोही. पण तिचा धूर उग्र, म्हणून एखादाच ठोकळा घालावा. चीड-देवदारासारखं राळेचं लाकूड काजळी करतं. कण्हेर विषारी. बिब्ब्याचा चीक अंगावर उठतो, त्याच्या लाकडाच्या वाटेला जाऊ नये. प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी आणि जुनी खोकी कदापि नकोत. परदेशी मालाच्या खोक्यावर ‘एमबी’ असा शिक्का असेल तर त्या लाकडावर मिथिल ब्रोमाइडची विषारी धुरी दिलेली असते.

धुराचा रंग पाहायला शिकावं. दाट पांढरा लोट म्हणजे लाकूड नीट जळत नाही. पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर म्हणजे आग ठीक आहे. अर्धवट ज्वलनातून आणि निखाऱ्यावर पडलेल्या चरबीतून बेंझोपायरीनसारखी संयुगं तयार होतात. हे संयुग माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध आहे. युरोपीय संघाने धुरावलेल्या मांसात त्याची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवलेलं, धुरावलेलं वगैरे, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा तो निष्कर्ष होता. ‘रोज’ हा शब्द नीट वाचावा. वर्षातून दोनदा खाणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. मांसाखाली पाण्याचं ताट ठेवावं म्हणजे चरबी निखाऱ्यावर पडत नाही, आणि काळा पडलेला भाग काढून टाकावा.

पण खाणारा तासाभरात जेवून उठतो. आगीशेजारी दिवसभर उभा राहतो तो राखणदार किंवा आचारी. त्याला दमा आहे का, हे कुणी विचारत नाही. वाऱ्याच्या बाजूला उभं राहायला सांगणं, पाळी बदलणं, अंगणाच्या मोकळ्या जागीच आग ठेवणं, हे फुकटातले उपाय आहेत. बाल्कनी म्हणजे अंगण नव्हे. तिथला धूर आपल्याच घरात आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांच्या फुप्फुसात जातो.

आणि आता त्या घमेल्याकडे. लांब चालणारी आग आपण मुद्दाम हवेविना तगवतो. हवा कमी म्हणून ती मंद, मंद म्हणून तिची राख लवकर होत नाही. कमी हवेत जळणारा कोळसाच अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडतो. ज्या गुणामुळे स्वयंपाक उत्तम होतो, त्याच गुणामुळे ते निखारे बंद खोलीत जीव घेतात. त्यांना धूर नसतो, वास नसतो, वर राख धरलेली असल्याने ते विझल्यासारखे दिसतात. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं समजूनच माणसं ते आत नेतात. एक खिडकी किलकिली ठेवणं पुरेसं नाही.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणं. मेजवानीनंतर ती दारूच्या किंवा जड जेवणाच्या नावावर खपतात. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम होऊ लागलं तर शंका घ्या. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना निखाऱ्यांबद्दल आवर्जून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास. शुद्धीवर आलेल्या माणसालाही पुढचे काही आठवडे विसरभोळेपणा किंवा वागण्यातला बदल जाणवू शकतो, म्हणून त्याला पुन्हा तपासायला आणावं.

शेतघराच्या मालकांना माझी विनंती आहे. हजारोंची शेगडी घेता, तर घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबाही घ्या. स्वयंपाक संपला की दोन्ही झडपा बंद करून निखारे गुदमरू द्या, दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर डब्यात भरा. उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. पाहुणे झोपायला जाण्याआधी हे काम तुमच्या डोळ्यांदेखत होऊ द्या. आणि राखणदाराच्या खोलीत एकदा डोकावून या. त्याच्याकडे पुरेशी पांघरुणं असती, तर त्या रात्री घमेलं आत गेलंच नसतं.