पापणी मिटण्याची अट

नवे तंत्रज्ञान घडवताना अपंगांना सुरुवातीपासून सोबत घेण्याची गरज नाही, असे मत ठासून मांडले जाते. यंत्र बनवणे अभियंत्यांचे काम. अपंगांनी ते नंतर वापरावे, अडचण आल्यास कळवावे, दुरुस्ती होईल.

या मताचा फोलपणा ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, उघडा पडतो. कॅमेऱ्यासमोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची खात्री करण्यासाठी ॲप पापण्या मिटायला सांगते. ॲसिड हल्ल्यात ज्यांच्या पापण्या जळाल्या, त्यांनी त्या मिटायच्या कशा? अंध व्यक्तीला तर चेहरा चौकटीत आला की नाही, हेच कळत नाही. जिवंत माणसाला बँकेच्या लेखी जिवंत ठरता येत नाही, खाते अडते. हा नियम ठरवणाऱ्यांत यांच्यापैकी एक जण असता, तर नियम कागदावरच खोडला गेला असता. ‘अडचण कळवा’ म्हणणाऱ्यांनी ही अडचण कुठवर कळवावी लागली ते पाहावे: थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत. ३० एप्रिल २०२५ च्या निकालाने डिजिटल सुविधा हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि नव्या ॲपच्या चाचणीत अंध व्यक्तींना सामील करण्याचा निर्देशही दिला. जे काम आपणहून करायचे, त्यासाठी जळालेल्या चेहऱ्याने कोर्टाची पायरी चढावी लागली, ही लाजेची गोष्ट आहे.

अपंगांची संख्या थोडी, हा आक्षेप २०११ च्या जनगणनेतील २.६८ कोटींच्या आकड्यापुढे टिकत नाही. खर्चाचे म्हणाल, तर बाजारात गेलेले ॲप उकलून पुन्हा बांधणेच महाग.

‘तज्ज्ञांना सगळे कळते’ हा दावाही जुनाच. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये शार्ल बार्बिये या डोळस गृहस्थाने बोटांनी वाचायची बारा टिंबांची लिपी काढली. तिचे अक्षर बोटाच्या एका स्पर्शात मावत नसे. लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्याने ते सहा टिंबांवर आणले आणि १८२९ मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. तिला अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये, ब्रेल वारल्यानंतर दोन वर्षांनी.

सहभाग म्हणजे आराखड्याच्या पहिल्या बैठकीत जागा, चाचणीचे मानधन आणि सदोष वस्तू बाजारात जाण्याआधी रोखण्याचा अधिकार. अपंगांच्या हाती सूत्रे असली की काय घडते, याचे उदाहरण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले. तो मोफत मिळतो आणि मराठी मजकूरही वाचून दाखवतो.