नवे वाहन, जुने ऋण

विजयादशमीस घरोघरी वाहनांना झेंडूचे हार चढतात. कित्येकांच्या दारी नवी मोटार येते. परंतु मोटारी घडविणाऱ्यांचेही दैव फिरते. जपानच्या निस्सान कंपनीकडे पाहिले म्हणजे हे ध्यानी येते.

मार्च २०२५ अखेरच्या आर्थिक वर्षात या कंपनीस सुमारे ६७१ अब्ज येन तोटा झाला. होंडाशी चाललेली विलीनीकरणाची बोलणी फेब्रुवारीतच फिसकटली होती. कारणे गूढ नाहीत. अमेरिकेतील गिऱ्हाईक पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी गाडी मागत असता निस्सानपाशी ती नव्हती. जुनी मॉडेले सूट देऊन खपवावी लागली. चीनमध्ये तेथल्याच कंपन्यांनी बाजार हिरावला. सुटीने आजचा माल जातो, त्याबरोबर उद्याची पतही जाते.

एप्रिल २०२५ मध्ये सूत्रे इव्हान एस्पिनोसा यांच्या हाती आली. हे गृहस्थ मूळचे नव्या गाड्यांची आखणी करणारे. त्यांची भिस्त नव्या मॉडेलांवर असणे स्वाभाविकच. नवी गाडी ३० महिन्यांत सिद्ध करण्याचा त्यांचा संकल्प आहे. विजेवरील लीफ नव्या रूपात आली. भारतासाठी टेक्टॉन या गाडीचे नाव ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

मात्र याच योजनेत २०,००० नोकऱ्यांची कपात आहे. १७ कारखान्यांचे १० व्हावयाचे आहेत. योकोसुका येथील ओप्पामा कारखाना १९६१ सालचा. पहिली लीफ २०१० मध्ये तेथेच जन्मली. नवी लीफ तोचिगीत घडते, आणि ओप्पामातील उत्पादन मार्च २०२८ अखेर थांबणार आहे. तेथे राबणाऱ्या सुमारे २,४०० कामगारांनी या उत्कर्षाच्या आशेत आपला वाटा कोठे शोधावा?

१९९९ मध्येही हेच घडले होते. रनोच्या साह्याने, कार्लोस घोन यांच्या हाताखाली कारखाने मिटले, २१,००० नोकऱ्या कमी करण्याचे ठरले, आणि लवकरच नफा दिसला. पुढे खपाचे आकडे वाढविण्याचा हव्यास जडला व मॉडेले शिळी होऊ दिली गेली. आम्हांस वाटते, काटकसरीने कंपनीस श्वास मिळतो, आयुष्य मिळत नाही. एक गाडी गाजली म्हणून घर सावरत नाही. बरकतीच्या दिवसांतही पुढच्या गाडीची चिंता वाहिली, तरच ते टिकते.

वाचकहो, नव्या गाडीस हार घालताना ती घडविणाऱ्या हातांचेही क्षणभर स्मरण असू द्यावे.